गाभण ताल

लिंबू-मिरची, अंगात येणं, मांजर आडवं जाणं... यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कुणी "ताई, तुम्ही मुळातच श्रद्धाळू असाल" वगैरे लिहायला नको. मी बीडला एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला गणित शिकवते. वर्गात कुणी "मॅडम, आमच्या गावात एकदा..." असं सुरू केलं की मी खडू पुढे करते — ये फळ्यावर, सिद्ध कर. पोरं मागून मला 'सिद्धताबाई' म्हणतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू! त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय. पण दोन वर्षं झाली, डोक्यातून जात नाही.

आमचं गाव बीडहून पालीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. नाव देत नाही, कारण माणसं हयात आहेत. त्या वर्षी पाऊस दगा देण्याचं सलग तिसरं वर्ष होतं. बिंदुसरा नदीच्या तलावात चालत पलीकडे जाता येत होतं. आमच्या गावात भरवशाचं पाणी एकाच ठिकाणी उरलं होतं, संस्थेच्या विहिरीत. संस्था म्हणजे सहकारी पाणी वापर संस्था. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, वीस-बावीस वर्षांपूर्वी गावातल्या माणसांना अक्षरशः हाताला धरधरून ती उभी केली. तेव्हापासून तेच चेअरमन.

विहीर एक, मोटार एक, आणि वस्त्या दोन. वरच्या वस्तीत बागायतदार, त्यांच्या मोसंबीच्या बागा. खालच्या वस्तीत मेंढपाळांची तीस घरं, थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढरं. एक दिवस वरच्यांनी मोटार चालवायची, दुसऱ्या दिवशी खालच्यांनी. याला आमच्याकडे पाळी म्हणतात.

चांगल्या सालात पाळीवरून कधी भांडण झालं नाही. पण दुष्काळात विहीर रोज थोडी थोडी खाली जाते. आज जेवढं पाणी आलं त्यापेक्षा उद्या कमीच येणार. वर-खाली, वर-खाली अशी पाळी चालली की प्रत्येक जोडीत वरच्यांना पहिलं पाणी आणि खालच्यांना उरलेलं. माघ संपेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं तेव्हा मात्र संस्थेच्या पत्र्याच्या खोलीत गळपट्टी धरण्याची पाळी आली (ही दुसरी पाळी!).

"आधी खालच्यांची धरा, मग आमची," असं वरच्या वस्तीच्या दत्ताकाकांनी सुचवलं. लगेच त्यांच्याच मागून आवाज आला, "का बे दत्ता, मग उरलेलं आपुन प्यायचं का?"

खालच्या वस्तीकडून बोलायला सुंदरकाकू होत्या. पन्नाशीच्या, काटक, डोक्यावरचा पदर न ढळू देता चार पुरुषांना गप्प करणाऱ्या. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, तुमच्यावर राग न्हाई आमचा. पर आमची मेंढरं का म्हून मरावीत? पाडव्यापस्तोर बगतो. न्हाईच जमलं तर वस्ती उठवतो. आष्टीकडनं खाली जातो, आन ह्या खेपंला परत यायचो न्हाई."

मेंढरं घेऊन ही माणसं दरवर्षीच बाहेर पडतात आणि पावसाळ्याला परत येतात. पण हे बोलणं वेगळं होतं. तीस घरं कायमची जाणार, म्हणजे संस्था मोडली, आणि अण्णांनी आयुष्यभर जे काही केलं तेही त्यासोबत गेलं. मी शनिवारी घरी आले तर अण्णा ओट्यावर बसलेले, पुढ्यात जेवणाचं ताट तसंच. मला भयंकर राग आला. वस्त्यांचा नाही... एवढं साधं गणित कुणाला सुटू नये याचा. मी तिथल्या तिथे ठरवलं, ही संस्था मी मोडू देणार नाही.

आता दोन मिनिटं गणित सोसा. पहिल्याला फायदा होतो ना? मग पहिल्या जोडीत खाली-वर, तर दुसऱ्या जोडीत वर-खाली. फायदा जवळजवळ फिटला, पण पहिली जोडी स्वतःच आधी आली, म्हणून तिच्यात आधी असलेल्यांचा थोडा फायदा उरतोच. म्हणून या चार पाळ्या झाल्या की पुढच्या चार त्यांच्या बरोबर उलट. मग त्या आठांच्या उलट आठ, सोळांच्या उलट सोळा. असं उलटं करत गेलं की दोघांनाही पाणी जेवढं सारखं वाटता येईल तेवढं वाटलं जातं. ही मालिका गणितात जुनीच आहे, मी काही शोध लावलेला नाही.

मी तक्ता केला, सुंदरकाकूंच्या हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला.

"चांगला आसंल. पर कागद नगं आमाला, बाई. कागद कायम वरच्या वस्तीत लिव्हला जातो. आमाला वाचता येत न्हाई, मग आमी कुणाच्या तोंडाकडं बगायचं?"

घरी येऊन चडफडत बसले. आणि मग सुचलं — यांना अक्षर येत नसेल, ताल तर येतो! खालच्या वस्तीत ढोल न येणारा माणूस शोधून सापडणार नाही. लांबलचक ताल ही माणसं बिनचूक पाठ करतात, एक ठोका कुणी खाल्ला तर शंभर जण माना वळवतात.

आणि आकड्यांचे ताल करणं हा माझा जुनाच चाळा. मी शाळेत असताना सात वर्षं तबला शिकले. क्लासमध्ये पोरांना फ्रॅक्टल समजावायचं तर मी फ्लॉवरचा गड्डा नेते. त्याचा तुरा मोडला तर तो अख्ख्या गड्ड्यासारखाच दिसतो, त्या तुऱ्याचा तुरा मोडला तरी तसाच. मग तीच गोष्ट लॅपटॉपवर ठोक्यांमध्ये वाजवून दाखवते. सहकारी चिडवतात, "तुमच्या तासाला पेटी-तबला पण आणा." असो. मी रात्रीच्या जेवणाआधी बसून तक्ता ठोक्यांमध्ये घातला. ढोलाची घुमणारी बाजू, 'धुम', म्हणजे खालच्यांची पाळी. कडक बाजू, 'तक', म्हणजे वरच्यांची. एक ठोका म्हणजे एक दिवस, आणि पहिला ठोका म्हणजे पाडवा.

धुम तक तक धुम, तक धुम धुम तक...

दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या आधीच्या रविवारी, सकाळी दहाला विहिरीवर बैठक. मी माझा क्लासमधला स्पीकर विहिरीच्या कठड्यावर ठेवला. दोन्ही वस्त्या आल्या होत्या, अर्थातच दोन वेगवेगळ्या झाडांखाली बसल्या होत्या. मी काय करतेय ते आधी नीट समजावून सांगितलं आणि ताल लावला. वरची मंडळी तोंडावर रुमाल धरून हसत होती. खालच्या वस्तीतला बिरू, चांगला चाळिशीचा ढोलवाला, मात्र मान पुढे काढून ऐकत होता.

मग मी त्याला दुसरी फाईल ऐकवली. "बिरूभाऊ, यात मी एक सोडून एक ठोका काढून टाकलाय. आता सांगा काय ऐकू येतंय."

तो पंधरा-वीस ठोके ऐकत राहिला. एकदम मांडीवर थाप मारून म्हणाला, "आवं, ह्यो तर त्योच ताल हाय! निस्ता दमानं चाललाय."

"आता यातलाही एक सोडून एक काढला तर?"

"परत त्योच?" आणि मागे वळून ओरडला, "आरं, गाभण ताल हाय ह्यो! पोटात पिल्लू, पिल्लाच्या पोटात पिल्लू!"

खालच्या झाडाखाली हशा पिकला. गणिताच्या पुस्तकांत याला मोठी मोठी नावं आहेत. 'गाभण ताल'च्या जवळपास एकही जात नाही. मी तर मनातून फुगलेच होते. जिंकलो आपण, अशा अर्थाने अण्णांकडे बघून मान हलवली.

आता जे झालं ते जसं झालं तसं सांगते.

सुंदरकाकूंचे सासरे, लिंबाआबा, कठड्याला टेकून बसले होते. वय ऐंशीच्या आसपास. रांगते होते तेव्हा गोवर झाला आणि दोन्ही कान गेले, ते आजतागायत. त्यामुळे बोलणंही आलं नाही. 'पाणी', 'भाकर' आणि मेंढरांना हाकायचे दोन-तीन आवाज, एवढीच त्यांची भाषा. बाकी सगळं खुणांनी. मी माणसांना काय समजावलं त्यातला एक शब्दही त्यांना कळला असण्याची शक्यता नाही. खुणांनीही कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांना सांगायला हवं असं कुणाच्या मनातच आलं नाही. मीसुद्धा त्यात आले.

मी पहिली फाईल पुन्हा सुरुवातीपासून लावली, बिरूला पाठ करायला. लिंबाआबांचा एक तळवा कठड्याच्या दगडावर होता. ठोके चालले होते... वीस, पंचवीस... आणि तिसाव्या ठोक्याला आबा उठले. सरळ स्पीकरजवळ आले आणि दोन्ही हातांनी त्याचं तोंड दाबून धरलं. मी घाईघाईने लॅपटॉप बंद केला, म्हटलं म्हातारा चिडला कशावर तरी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले,

"आवस."

तुटक, घोगरं, पण स्पष्ट. सुंदरकाकूंच्या हातातला तांब्या खाली पडला. "पस्तीस वर्सं झाली मला ह्या घरात येऊन," त्या मला नंतर म्हणाल्या, "ह्यो सबुद आबाच्या तोंडून कदी आला न्हाई. येनार कुठनं? ऐकलाच न्हाई तर!"

आवस म्हणजे अमावस्या. आमच्या विहिरीचा एक नियम आहे — अमावस्येला मोटार लावायची नाही, विहिरीला त्या दिवशी विसावा. हा नियम कुठल्याही ठरावात लिहिलेला नाही, कारण तो सगळ्यांनाच माहीत आहे. मलाही लहानपणापासून माहीत होता. पण बीडच्या क्लासला अमावस्येची सुट्टी नसते! मी तक्ता केला तो सरळ सलग दिवस मोजून. पाडव्यापासून तिसावा दिवस अमावस्येचा होता, आणि माझ्या तक्त्यात त्या दिवशी पाळी होती खालच्यांची.

म्हणजे काय झालं असतं बघा. तिसाव्या दिवशी खालच्यांची पाळी बुडाली असती. पुढची पाळी कुणाची यावर पुन्हा रण पेटलं असतं. आणि सुंदरकाकू म्हणाल्या असत्या, गोड बोलून, ढोल वाजवून, चेअरमनच्या लेकीनं आमाला फसवलं. वस्ती त्याच दिवशी उठली असती. संस्था मोडू देणार नाही म्हणून जी निघाले होते, ती मीच मोडली असती. अमावस्या विसरणारी चेअरमनची मुलगी!

तेवढ्यात आबांनी बिरूच्या गळ्यातला ढोल काढून घेतला.

माझ्या हातात तक्ता होता, फोनवर रेकॉर्डिंग चालू होतं. बैठकीचं असावं म्हणून मी ते आधीच लावलेलं होतं. आबांनी पहिल्यापासून सुरुवात केली. एक ठोका, एक पाऊल, अशा चालीत. एकोणतीस ठोके जसेच्या तसे. तिसाव्याला काठी वर धरली, ठोका नाही. मग धुम, धुम, तक... म्हणजे बुडणारी पाळी एक दिवस पुढे सरकवून. बरोबर! मी पेन्सिलने खुणा करत होते. माझा तक्ता चौसष्ट ठोक्यांचा होता, तिथवर मध्ये आणखी एक रिकामी जागा सोडून आबा बिनचूक आले. आणि पुढे जातच राहिले. मला पुढचे ठोके मनात उलटे करत मोजावे लागत होते, त्यांचा हात मात्र एकदाही अडखळला नाही. सहा-सात मिनिटं. शेवटी त्यांनी काठी वर धरली, एक ठोक्याएवढा वेळ तशीच ठेवली, आणि ढोल उतरवून खाली ठेवला. मग तांब्या दाखवून म्हणाले, "पाणी."

त्या दिवशी चर्चा फार झालीच नाही. दत्ताकाका उठून म्हणाले, "आवस त्यांची बी गेली, आमची बी गेली. पाळी कुणाचीच बुडाली न्हाई. आमाला मंजूर हाय." अण्णांनी डोळे पुसले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, मलाही आवरलं नाही.

पाडव्यापासून तालावर पाळी सुरू झाली. बिरू रोज सकाळी विहिरीवर एकच ठोका द्यायचा. धुम किंवा तक. आवसेला काहीच नाही. वैशाखात मोटार जेमतेम तासभर चालायची, भांडणंही झाली — पाइप कुणी फोडला, झाकण कुणी उघडं टाकलं — पण पाळी कुणाची यावर एकदाही नाही. दोन घरं उन्हाळ्यात गेली, ती लेकीकडे पुण्याला. बाकीची अठ्ठावीस खालच्या वस्तीत आहेत.

मी मात्र त्या रेकॉर्डिंगच्या मागे लागले. बीडला खोलीवर बसून तीनदा मोजलं. एकूण तीनशे चोपन्न जागा, त्यात बारा रिकाम्या, म्हणजे वाजवलेले ठोके तीनशे बेचाळीस. पाडव्यापासून पुढच्या पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंतचं एक अख्खं वर्ष. मालिकेत एकही चूक नाही. मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून रिकाम्या जागा तपासल्या. अमावस्या कधी एकोणतीस दिवसांनी येते, कधी तिसांनी, त्याचा क्रम ठरलेला नसतो, पंचांगवाले गणित करून काढतात. डिसेंबरपर्यंतच्या सगळ्या जुळल्या. उरलेल्या तीन जानेवारीपासून पुढच्या होत्या. नवीन कॅलेंडर बाजारात आल्याच्या दिवशी सुभाष रोडला जाऊन घेतलं आणि दुकानातच उभ्याने उघडलं. तिन्ही जुळल्या.

आता माझे मीच काढलेले आक्षेप. कठड्याच्या दगडातून ठोके हाताला जाणवले असतील का? असतील, हे मान्य. जन्मभर उघड्यावर झोपणाऱ्या मेंढपाळाला चंद्र पाठ असतो का? असतो, त्या महिन्याची अमावस्या त्यांना नक्की माहीत असणार. पण ठोका म्हणजे दिवस, आणि पहिला ठोका म्हणजे पाडवा, हे त्यांना कुणी सांगितलं? वर्षभराच्या अमावस्या आगाऊ कुठून आल्या? आणि मी चौसष्टच्या पुढे तक्ता केलेलाच नव्हता, तो ताल त्यांनी आणला कुठून? क्लासमधल्या एका मुलीला नाव-गाव न सांगता विचारलं, तीनशे बेचाळीस वेळा डावं-उजवं अंदाजाने बरोबर यायची शक्यता किती? तिने उत्तर फळ्यावर लिहायला घेतलं आणि अर्ध्यात हसून खडू खाली ठेवला.

मी हार मानणारी नाही. पुढचे कितीतरी रविवार आबांकडे गेले. दुसरे ताल दगडावर वाजवून पाहिले, त्यांनी लक्षच दिलं नाही. ढोल पुढे ठेवला, तर त्यावर भाकरीचं फडकं ठेवून जेवले! शेवटी सुंदरकाकूंना गळ घातली — खुणांनी विचारा, हा ताल तुम्हाला कुणी शिकवला.

काकूंनी ढोल दाखवला, हात हलवले, पुन्हा पुन्हा विचारलं. आबा हसले. माझ्याकडे बोट केलं, मग हवेत ढोल वाजवल्यासारखं केलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून बोटं एकामागे एक चालवली.

मी काकूंकडे वळले.

"काय म्हणत्यात?"

"म्हणत्यात, मला कुठं येतंय वाजवाया? तीच वाजवीत व्हती म्होरं हुभी ऱ्हाऊन. मी निस्ता तिच्या मागं मागं गेलतो." काकूंनी माझ्याकडे न बघता पदर सावरला. "आन तिसाव्याला तूच हात वर केलतास म्हणत्यात. आवस म्हणून तूच सांगितलंस त्येंला."

आबा ढोल वाजवत होते तेव्हा मी बाजूला, लॅपटॉपपाशी होते. माझ्या एका हातात कागद होता, दुसऱ्यात पेन्सिल. लॅपटॉप बंद होता. आणि अमावस्या तर मी साफ विसरले होते.

रेकॉर्डिंग मी पुन्हा लावलं. त्यात एकच ढोल आहे. त्याच्या आधी, त्याच्या खाली, कुठेही दुसरा आवाज नाही. हेडफोन लावून, वेग कमी करून, सगळं करून झालंय. संस्थेच्या ठरावात 'सदर ताल चेअरमन यांच्या कन्येने दिला' असं लिहिलेलं आहे. ते खोडा म्हणून मी अण्णांच्या मागे लागलेय, आणि अण्णा म्हणतात, आबांची साक्ष तर तशीच आहे. आबा गेल्या थंडीत गेले. माझ्याकडे उत्तर नाही. शोधणं मात्र मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही. कुणाला काही सुचलं तर खाली जरूर लिहा. फक्त 'मनाचे खेळ असतात' एवढं लिहून जाऊ नका... ठोके मी तीनदा मोजलेत.